भीतीची गोडी

काही पुस्तकं अशी असतात, की ती न वाचताच सगळ्यांनी वाचलेली असतात. ‘ड्रॅक्युला’ हे त्यांतलं अग्रगण्य. काळा झगा, चापून मागे वळवलेले केस, ओठांच्या कोपऱ्यांतून डोकावणारे दोन सुळे... घरातल्या सात वर्षांच्या पोरालाही हा गृहस्थ लांबून ओळखता येतो. तो रक्त पितो, लसणीला घाबरतो, आरशात दिसत नाही आणि उन्हात आला की राख होतो, एवढं ज्ञान तर आपल्याला पुस्तकाच्या वाऱ्यालाही उभं न राहता मिळालेलं असतं. मग साडेतीनशे-चारशे पानं वाचायची कशाला?

गंमत अशी, की या ज्ञानातलं बरंचसं पुस्तकाबाहेरचं आहे. झगा आणि चापलेले केस १९३१ च्या चित्रपटातल्या बेला लुगोसीचे, सुळ्यांची आठवण १९५८ च्या चित्रपटातल्या ख्रिस्तोफर लीची. उन्हानं मरण्याची कल्पना १९२२ च्या ‘नॉस्फेरातू’ या जर्मन मूकपटाची. ब्रॅम स्टोकरचा मूळ काउंट पहिल्या भेटीत लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. तो दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत उभा राहून एका तरुणीकडे टक लावून बघतो. आणि शेवटी त्याला मारतात ते छातीत लाकडी खुंटा ठोकून नव्हे, तर दोन सुऱ्यांनी. त्यांतली एक अमेरिकन बनावटीची आणि दुसरी चक्क कुकरी! ट्रान्सिल्व्हानियाच्या बर्फात, मावळत्या सूर्याच्या उजेडात, एक इंग्रज वकील गुरख्यांचं हत्यार चालवतो, हे कुठल्या पोस्टरवर कधी पाहिलंय आपण? तेव्हा पुस्तक वाचायचं ते याचसाठी. ओळखीच्या माणसाच्या घरी पहिल्यांदाच जावं आणि तिथे निराळाच माणूस भेटावा, तसं होतं.

पण भीतिदायक पुस्तक आवडीनं वाचायचं म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. भीती ही टाळायची गोष्ट. ती पैसे देऊन विकत का घ्यावी? आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेलं आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत शृंगार, वीर, करुण यांच्या पंक्तीला भयानक रसही बसवला. भय हा त्याचा स्थायीभाव. म्हणजे रडण्यात जसा आस्वाद असतो, तसा घाबरण्यातही असतो; अट एवढीच, की आपण प्रेक्षागृहात सुखरूप बसलेलं असावं. आजीच्या कुशीत शिरून वेताळाची गोष्ट ऐकणारं पोर हे शास्त्र न शिकताच जाणतं. ते घाबरतं, पांघरूण डोक्यावर ओढतं आणि पांघरुणाच्या आतून म्हणतं, “पुढे काय झालं?”

युरोपात या रसाला कादंबरीचं अंगण मिळालं ते अठराव्या शतकात. होरेस वॉलपोल नावाच्या हौशी उमरावानं १७६४ च्या नाताळात ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ प्रसिद्ध केली. तीही स्वतःच्या नावावर नव्हे, जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून. पुस्तक खपलं तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत त्यानं कबुली दिली आणि उपशीर्षकात ‘गॉथिक’ हा शब्द घातला. पडका किल्ला, वादळी रात्र, बंद खोली, घराण्यानं दडवलेलं पाप आणि त्या सगळ्यात सापडलेली एखादी तरुण मुलगी, हा मसाला तेव्हापासून ठरून गेला. अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’नं १७९४ मध्ये वाचकांना वेड लावलं. जेन ऑस्टेननं ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’त त्या वेडाची मिस्कील टर उडवली. तिची नायिका जुन्या कपाटातलं रहस्यमय हस्तलिखित थरथरत्या हातानं बाहेर काढते, आणि सकाळच्या उजेडात ती निघतात धोब्याची बिलं! पुढे १८१६ च्या उन्हाळ्यात, इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचं आभाळ झाकोळलेलं असताना, जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसानं कोंडलेल्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली. त्यातून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्माला आली आणि बायरनचा डॉक्टर पोलिडोरी याची ‘द व्हँपायर’ ही कथाही. उमराव रक्तपिपासूचं कूळ तिथून सुरू होतं.

या कुळाला ज्यानं अमर केलं, तो ब्रॅम स्टोकर मात्र साधा कामसू माणूस होता. १८४७ साली डब्लिनजवळ जन्मलेला, सात वर्षांचा होईपर्यंत अंथरुणाला खिळलेला, पुढे सरकारी नोकरीत छोट्या न्यायालयांचा निरीक्षक. त्याचं पहिलं पुस्तक कोणतं म्हणाल? आयर्लंडमधल्या छोट्या न्यायालयांतल्या कारकुनांची कर्तव्यं सांगणारं हस्तपुस्तक! १८७८ मध्ये तो हेन्री आयर्व्हिंग या नामांकित नटाच्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक झाला आणि सत्तावीस वर्षं त्यानं तिथले हिशेब, पत्रव्यवहार आणि दौरे सांभाळले. त्या धबडग्यातून उसंत काढून त्यानं ‘ड्रॅक्युला’साठी सात वर्षं टिपणं काढली. १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबी या यॉर्कशरच्या बंदरगावी तो सुटीला गेला होता. तिथल्या वाचनालयात वालेकियाच्या इतिहासावरचं एक जुनं पुस्तक चाळताना त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडलं. तोवर त्याचा खलनायक ‘काउंट वँपायर’ असा सरधोपट नावानं वावरत होता. पाच वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर ‘दिमित्री’ नावाचं रशियन जहाज वाळूत रुतलं होतं. ते कादंबरीत ‘डिमीटर’ होऊन आलं. ट्रान्सिल्व्हानिया त्यानं कधी पाहिलाच नाही. तो त्यानं वाचनालयात बसून बांधला. २६ मे १८९७ रोजी पिवळ्या कापडी बांधणीत, तांबड्या अक्षरांत पुस्तक बाहेर पडलं.

आणि सुरुवात कशानं होते? जेवणानं! जोनाथन हार्कर हा तरुण वकील लंडनमधल्या एका मालमत्तेची कागदपत्रं घेऊन काउंटकडे निघाला आहे. वाटेत त्याला लाल मिरची घातलेली कोंबडी खायला मिळते. ती खाऊन तहान फार लागते, पण चव आवडते. म्हणून तो रोजनिशीत नोंद करतो, की मीनासाठी कृती मागून घ्यायला हवी. मीना म्हणजे त्याची वाग्दत्त वधू. रेल्वे उशिरा सुटते, खानावळीची मालकीण त्याच्या गळ्यात क्रूस घालते, गाडीतले सहप्रवासी हळहळतात. भीतीचा शब्दही न काढता स्टोकर आपल्याला दरीच्या तोंडाशी आणून उभं करतो. पुढे एक दिवस हार्करला दिसतं, की काउंट स्वतःच पाहुण्याचं अंथरूण घालतो आहे. एवढ्या मोठ्या वाड्यात नोकर एकही नाही! सुळे, लांडगे, भिंतीवरून पालीसारखं डोकं खाली करून उतरणं हे सगळं आहेच. पण मला विचाराल तर अंगावर खरा काटा येतो तो त्या अंथरुणानं.

मराठी वाचकाला हा पाहुणा अगदीच परका नाही. नारायण धारपांची ‘लुचाई’ रात्री उशाशी घेऊन ज्यांनी वाचली, त्यांनी नकळत या घराण्याशी सोयरीक जुळवलेली आहे. ‘लुचाई’ बेतली आहे स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर, आणि ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत अवतरला तर काय होईल, या विचारातून किंगला ती कादंबरी सुचली. म्हणजे लुचाई ही ड्रॅक्युलाची नातच म्हणायची. दुसरा धागा उलट्या दिशेचा. रिचर्ड बर्टन हा हरहुन्नरी इंग्रज अधिकारी १८४२ मध्ये मुंबईला उतरला, मराठीसकट इथल्या अनेक भाषा शिकला, गोव्यावर पुस्तक लिहून गेला. आपल्या वेताळपंचविशीचा त्यानं इंग्रजीत केलेला स्वैर अवतार १८७० मध्ये निघाला, आणि त्याच्या नावातच त्यानं वेताळाला ‘व्हँपायर’ म्हटलं. या बर्टनशी स्टोकरची आयर्व्हिंगमुळे चांगली ओळख होती. त्यानं पुढे आठवणींत आवर्जून लिहिलं ते बोलताना चमकणाऱ्या बर्टनच्या सुळ्यांबद्दल. यावरून काय अनुमान काढायचं ते वाचकांनी काढावं.

हे सगळं झालं पुस्तकाबाहेरचं कौतुक. पण ‘ड्रॅक्युला’ माझ्या मनात घर करून राहिली ती ताईमुळे.

१९९६ च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीवर पुण्यातल्या एका रुग्णालयात पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ताई साताऱ्याला सरकारी कचेरीत लघुलेखिका होती. पिटमन शॉर्टहँड आणि टंकलेखन यांच्या परीक्षा देऊन विसाव्या वर्षी नोकरीला लागलेली. पाच कागद आणि चार कार्बन लावून एकही खाडाखोड न करता टाइप करणारी म्हणून तिची कचेरीत ख्याती. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव थांबेना. चार बाटल्या रक्त लागलं. भाच्यानं दिलं, मी दिलं, भाच्याच्या तालमीतल्या एका मित्रानं दिलं आणि चौथी बाटली तिच्या कचेरीतल्या शिपायानं दिली. रात्री तिच्याजवळ बसायची पाळी माझी असे. वेळ जायला मी हाताला लागलेलं पुस्तक पिशवीत टाकून नेलं होतं. ते ‘ड्रॅक्युला’ होतं.

ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांच्या लक्षात आलं असेल. मीनाची मैत्रीण लूसी दिवसेंदिवस पांढरी पडत जाते आणि तिला एकामागून एक चार पुरुष रक्त देतात. रक्तगटांचा शोध लागायला तेव्हा अजून तीन-चार वर्षं अवकाश होता; कार्ल लँडस्टायनरनं तो लावला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. स्टोकरचे डॉक्टर कुठलीही जुळणी न करता या दंडातून त्या दंडात रक्त भरतात. इकडे रक्तपेढीतला माणूस क्रॉसमॅचिंगसाठी पुन्हा नमुना मागायला आला की आम्ही वैतागायचो. लूसीचं प्रकरण वाचल्यावर त्या माणसाबद्दल फार आदर वाटू लागला. लोकांना चमत्कारिक वाटेल, पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते पुस्तक मला आधार देत होतं. खऱ्या भीतीला चेहरा नसतो. पुस्तकातल्या भीतीला निदान नाव असतं, पत्ता असतो आणि शेवटचं पान असतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताईला जरा हुशारी आली. “रोज रात्री काय वाचतोस रे एवढं? सांग की मला,” ती म्हणाली. मग मी इंग्रजीतून वाचायचं आणि तिला मराठीत सांगायचं, असा क्रम सुरू झाला. लूसीचे हाल मी भराभर उरकले. पण मीना आली आणि ताई उशीला टेकून बसली. कारण मीना शॉर्टहँड शिकते, टाइपरायटर चालवते! हार्करची रोजनिशीही शॉर्टहँडमध्ये आहे. त्यानं मीनाला चोरून लिहिलेलं शॉर्टहँडमधलं पत्र काउंटच्या हाती पडतं, तेव्हा त्याला ती अक्षरं लागत नाहीत आणि तो चिडून ते जाळून टाकतो. यावर ताई टाके दुखेपर्यंत हसली. “म्हणजे एवढा चारशे वर्षांचा भूत, पण पिटमन येत नव्हतं म्हण की!”

खरोखर, ‘ड्रॅक्युला’ ही कागदपत्रांची कादंबरी आहे. रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं, जहाजाची नोंदवही, फोनोग्राफवर बोलून ठेवलेली डॉक्टरची टिपणं... हे सगळं तारीखवार लावून टाइप करते मीना. ती ते करेपर्यंत प्रत्येक पुरुषाजवळ सत्याचा एकेक तुकडा आहे आणि एकालाही पूर्ण चित्र दिसत नाही. मातीनं भरलेल्या पन्नास पेट्या काउंटनं लंडनमध्ये कुठे कुठे ठेवल्या, हेही शोधलं जातं ते हमालांच्या आणि वाहतूकवाल्यांच्या पावत्यांवरून. पुढे काउंट घरात घुसून सगळी हस्तलिखितं आणि फोनोग्राफच्या नळ्या जाळतो. पण मीनानं प्रती काढलेल्या असतात आणि एक संच तिजोरीत सुरक्षित असतो. “कार्बन कॉपी!” ताईनं टाळीसाठी हात पुढे केला. सुईचा हात होता तो. मी हळूच टाळी दिली.

त्यानंतर आलं ते प्रकरण, ज्यासाठी मी ही सगळी हकिकत सांगतो आहे. मीनानं एवढं केल्यावर पाचही पुरुष मिळून काय ठरवतात? तर इथून पुढे तिला काही सांगायचं नाही. बाईमाणूस, नाजूक जीव, तिला त्रास नको. तिला झोपायला पाठवून हे वीर शिकारीला जातात, आणि नेमका त्याच रात्रींत काउंट तिच्यापर्यंत पोचतो. ती दिवसेंदिवस फिकट होते आणि नवऱ्याला वाटतं, बरं झालं हिला यातून बाहेर ठेवलं! लूसीच्या बाबतीतही हेच घडलेलं असतं. तिच्या आईचं हृदय दुबळं, म्हणून तिला कोणी काही सांगत नाही; आणि ती माउली खोलीतला उग्र वास जावा म्हणून लसणीच्या फुलांच्या माळा मायेनं काढून टाकते, खिडकी उघडते.

ताई बराच वेळ गप्प होती. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा तपासणीला गेला होता आणि त्याचा अहवाल आदल्या दिवशी आला होता. तो तिला इतक्यात सांगायचा नाही, असं घरातल्या वडीलधाऱ्यांचं ठरलं होतं. आपल्या घरांत असंच ठरतं. आणि ते दुष्टपणानं नव्हे, मायेपोटी ठरतं, हेही खरं. ताई म्हणाली, “मीनाचं पुढे काय झालं ते उद्या वाच. आधी दाजींना आत बोलाव. माझा रिपोर्ट मला बघायचाय.”

दाजी आत आले. मी बाहेर बाकावर बसलो. अर्ध्या तासानं दाजी रुमालानं डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “तिनंच मला धीर दिला.” कर्करोगाची सुरुवात होती. पुढे वर्षभर उपचार झाले, केस गेले, परत आले. प्रत्येक कागदाची तारीखवार फाइल ताईनं स्वतः ठेवली आणि डॉक्टरांपुढे ती उघडून प्रश्न विचारले. त्यानंतर ती सतरा वर्षं जगली, निवृत्त झाली, नातवंडांना शिकवून गेली.

मीनाचं पुढे काय होतं, तेही सांगण्यासारखं आहे. एक वेळ अशी येते, की काउंटला तिच्या मनातलं कळू शकेल हे ओळखून ती स्वतःच नवऱ्याला सांगते, तुमचा बेत मला कळू देऊ नका. न सांगणं तिथेही आहे, पण ते तिच्या मर्जीनं आहे. आणि पुरुषमंडळी वाट चुकतात तेव्हा नकाशा पुढे घेऊन, पळणारा काउंट कोणत्या नदीनं जाईल, हे मुद्देसूद टिपण काढून ठरवते तीच. १८९७ च्या इंग्रजाला बाईचं डोकं आणि बाईचा नाजूकपणा या दोन गोष्टींचा मेळ घालता येत नव्हता. ती ओढाताण कादंबरीत पानोपानी दिसते.

पुस्तकात खोट नाही असं नव्हे. आम्स्टरडॅमचे प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग मोडक्या इंग्रजीत लांबच लांब व्याख्यानं देतात. तिथे डुलकी लागली तर लेखकाचा राग येत नाही. पूर्वेकडून आलेला परका माणूस आपल्या बायका बिघडवील, ही साहेबाची जुनी धास्तीही त्यात आहे, आणि ती आपल्यासारख्या पूर्वेकडच्यांनी डोळे उघडे ठेवून वाचावी. लूसीचा अंत क्रूर आहे. आणि शेवटचा पाठलाग प्रकरणामागून प्रकरणं चालून मूळ काम दोन वाक्यांत उरकतं. पण पहिली चार प्रकरणं, जहाजाची नोंदवही आणि माशा-कोळी खाणारा वेडा रेनफिल्ड यांच्यासाठी हे सगळं पोटात घालावं.

एक सुचवू का? प्रकरणं सत्तावीस आहेत. रोज रात्री एक, असं जेवणं झाल्यावर घरात मोठ्यानं वाचलं तर महिन्याच्या आत होतं. पोरं मोठी असतील तर त्यांना वाटून द्यावं. एकानं हार्कर व्हावं, एकीनं मीना. कोणाला झोपायला पाठवून पुढचं वाचू नये. पावसाची रात्र मिळाली तर उत्तम, वीज गेली तर त्याहून उत्तम. लसूण आपल्या स्वयंपाकघरात असतेच. बाकी तयारी काही लागत नाही.